वैद्याच्या अंगणातील करंज

दवाखान्यासमोर किंवा औषधनिर्माणशाळेच्या आवारात सावलीसाठी कोणता वृक्ष लावावा, असे व्यवसायबंधू अधूनमधून विचारतात. बहुधा त्यांच्या मनात गुलमोहोर असतो. तो मूळचा मादागास्करचा; ऐन उन्हाळ्यात बराच काळ निष्पर्ण राहणारा आणि वादळात फांद्या मोडणारा. आमचे उत्तर एकच असते : करंज लावावा. त्याच्या सावलीइतकेच महत्त्वाचे दुसरेही एक कारण आहे.

काही वर्षांपूर्वी जात्यादि तेलासाठी आम्ही एका पुरवठादाराकडून करंजाची सुकी पाने मागविली. शार्ङ्गधरसंहितेतील या पाठात जाती, निंब व पटोल यांच्यासमवेत नक्तमालाचे म्हणजेच करंजाचे पल्लव सांगितले आहेत, हे सर्वांस विदित आहेच. कल्क वाटून झाल्यावर पोत्याच्या तळाशी पातळ कागदासारखी, गोल पंखयुक्त फळे सापडली. ती वावळाची होती! संपूर्ण कल्क टाकून द्यावा लागला. पुरवठादारास दोष देण्यापूर्वी आम्हांस आमचीच लाज वाटली, कारण पोते उघडताना पाने ओळखण्याचे काम आमचे होते.

ग्रंथांत अनेक ठिकाणी ‘करंजद्वय’ येते. सुश्रुताचा अर्कादि गण हे त्याचे परिचित उदाहरण. त्यांतील दुसरा करंज कोणता, याविषयी मतभेद आहेत. कोणी चिरबिल्व म्हणजे वावळ घेतात, कोणी काटेरी वेलीचा लताकरंज म्हणजे सागरगोटा. व्यवहारात मात्र ही तिन्ही द्रव्ये निरनिराळीच ठेवली पाहिजेत. सागरगोट्याचे राखाडी, गुळगुळीत, गोटीसारखे बी कोणीही ओळखील; घोटाळा होतो तो पानांत. करंजाचे पान संयुक्त असून त्यात टोकाची एक मोठी पर्णिका धरून पाच ते सात पर्णिका असतात व बाकीच्या समोरासमोर असतात. वावळाचे पान साधे व एकांतरित असते. परंतु सुकल्यावर पर्णिका देठापासून सुटतात आणि दोहोंचा चुरा सारखाच दिसतो. वासावरही विसंबू नये. वावळाच्या पानाला दुर्गंध असला तरी करंजाचे पानही चुरगळल्यास उग्रच लागते. म्हणून पाने डहाळीसकट घ्यावीत, अथवा स्वतःच्या झाडाची घ्यावीत.

हे झाड वाढविणे फारसे कठीण नाही. कोकणातील ओढ्याकाठी, खाडीलगतच्या खारट जमिनीत, तसेच देशावरील कोरड्या रस्त्यांच्या कडेलाही ते उभे असते. शिंबी कुळातील असल्याने मुळांवरील गाठींतून ते जमिनीला नत्र देते. चैत्र-वैशाखात फुललेल्या मोहराच्या शेंगा पिकण्यास जवळजवळ पुढचा उन्हाळा उजाडतो. शेंग आपोआप तडकत नाही. ती फोडून बी काढावे. बी ताजेच वापरावे, कारण जुन्या बियांची उगवणशक्ती झपाट्याने घटते. रात्रभर पाण्यात भिजवून पिशवीत पेरले की दोन-तीन आठवड्यांत अंकुर दिसू लागतात. रोप दोन फुटांचे झाले की पावसाळ्याच्या आरंभी जमिनीत लावावे आणि पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावे. भिंतीपासून मात्र पंधरा-वीस फूट अंतर राखावे. आडव्या पसरणाऱ्या मुळांतून जागोजागी फुटवे येतात, ते वेळीच काढावे लागतात. फरशीवर पडणाऱ्या फुलांचा व शेंगांचा केर हीदेखील या झाडाची सवय आहे, ती सोसण्याची तयारी हवी.

एक गंमत अशी की, चरकाने कंडूघ्न महाकषायात गणलेल्या या वृक्षाच्या पानांवरच पुष्कळदा पिटिका उठलेल्या दिसतात! त्या सूक्ष्म कोळी-कीटकांमुळे झालेल्या गाठी असून झाडास सहसा अपाय करीत नाहीत. घाबरून फवारणी करू नये. औषधासाठी स्वच्छ, कोवळी पाने तेवढी निवडावीत.

फाल्गुनाच्या सुमारास थोडे दिवस झाड विरळ होते आणि लगेच चकचकीत पोपटी पालवीने भरून येते. वैशाखात, जेव्हा रुग्णांना बाहेर ताटकळावे लागते, तेव्हा सावली पूर्ण दाट असते. पाच-सात वर्षांत शेंगा धरू लागतात. बियांत सुमारे तीस टक्के तेल असते. दद्रू, विचर्चिका, कंडू यांवर बाह्योपचारासाठी ते उपयुक्त आहे. पेंड बागेस खत म्हणून घालावी, गुरांस चारू नये. बी कडू व तीव्र आहे. त्याचा उपयोग मासे गुंगविण्यासाठीही होत आला आहे. म्हणून ते आभ्यंतर देताना मात्रेबाबत दक्ष राहावे आणि आवारातील मुलांपासून शेंगा दूर ठेवाव्यात.

त्वचेसाठी मात्र उभ्या झाडाची साल सोलू नये. रस्त्याकडेच्या करंजांच्या बुंध्यांवर तशा जखमा आम्ही पाहिल्या आहेत. सभोवार साल निघाली तर झाड वाळते. छाटलेल्या फांद्यांची साल घ्यावी, दातवणास तर कोवळी काडी पुरते. आमच्या दाराशी आता दोन करंज आहेत. जात्यादि तेलाच्या प्रत्येक पाकासाठी पाने तेथूनच, सकाळी, डहाळीसकट तोडली जातात.