दहावी-बारावीनंतर : आधी काम पाहा, मग कोर्स निवडा



दहावी-बारावीचे निकाल लागले की गावोगावी एकच चर्चा सुरू होते. अमक्याचा मुलगा इंजिनिअरिंगला गेला, मग आपलाही गेलाच पाहिजे! फीसाठी उसाचे बिल बाजूला ठेवले जाते, प्रसंगी जमिनीचा तुकडाही मोडला जातो. पण ज्याला ते काम जन्मभर करायचे आहे, त्याला ते झेपेल का, आवडेल का, हे विचारायचे मात्र राहूनच जाते.

आपण लागण करताना असे करतो का? रान चोपण आहे की निचऱ्याचे, उन्हाळ्यात पाणी पुरेल की नाही, हे पाहूनच उसाची जात ठरवतो. शेजाऱ्याचा ऊस जोरात आला म्हणून तेच बेणे आपल्या मुरमाड रानात लावले तर काय होते, हे कोणाला सांगायला नको. आडसालीच्या दीड वर्षाचा हिशेब आपण दहादा मांडतो. मुलाच्या पुढच्या तीस-चाळीस वर्षांचा मात्र एका दुपारी उरकतो.

मुलाचा कल नुसत्या मार्कांवरून कळत नाही. तो घरात आणि रानात दिसतो. मोटार बंद पडली की पाना घेऊन कोण धावतो? बिलाची पट्टी आली की कपातीचा हिशेब कोण तपासतो? खोडकिडीने वाळलेला पोंगा आधी कोणाच्या नजरेला पडतो? चार माणसांशी गोडीने बोलून काम कोण करून घेतो? हे नीट पाहिले तरी निम्मे उत्तर मिळते.

उरलेले निम्मे प्रत्यक्ष काम पाहून मिळते. उदाहरणादाखल साखर कारखान्यातलीच कामे घेऊ. आय.टी.आय.चा फिटरचा कोर्स दोन वर्षांचा. पण गाळप चालू असताना मिल बंद पडली तर रात्री दोन वाजताही हात काळे करावे लागतात आणि हंगाम संपला की ओव्हरहॉलिंग असतेच. पॅनवरचे काम निराळे. तिथे निर्वात भांड्यात पाक उकळत असतो; काचेच्या पट्टीवर नमुना घेऊन दाणा बघत राहायचे. त्याला नजर आणि सबुरी लागते. प्रयोगशाळेत प्रत्येक पाळीला रसाचे ब्रिक्स, पोल तेच ते तपासायचे. टापटीप आवडणाऱ्यालाच ते जमते. शेतकी खात्यात बांधाबांधाने फिरायचे, नोंदी घ्यायच्या, आणि तोडीची पाळी लांबली की सभासदांचे चार शब्दही ऐकून घ्यायचे! तापट माणसाचे ते काम नव्हे.

या वाटाही सारख्या नाहीत. कृषी पदवीला बारावी सायन्सनंतर चार वर्षे लागतात. साखर तंत्रज्ञानाचे शिक्षण साधारणपणे रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाल्यावर घेता येते. त्यासाठी पुण्याजवळ मांजरीला 1975 साली ऊस उत्पादकांनीच उभी केलेली, आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाणारी संस्था आहे. कानपूरची राष्ट्रीय शर्करा संस्था तर 1936 पासूनची आहे.

एक गोष्ट स्पष्टच सांगतो. सभासदाचा मुलगा म्हणजे कारखान्यात नोकरी, हे गणित आता धरू नये. हजारो सभासदांची मुले एका कारखान्यात मावणार नाहीत, आणि पुष्कळ कामे तर हंगामापुरतीच असतात. म्हणून शिकलेला हुन्नर बाहेर चालतो का, हेही पाहावे. वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन कुठल्याही कारखान्यात लागतात. पॅनमन मात्र साखर कारखान्यातच लागतो.

तेव्हा फी भरण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. पहिली, ते काम करणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर मुलाला आठ दिवस राहू द्यावे. जमल्यास रात्रपाळीही पाहू द्यावी. दुसरी, कोर्सचा सगळा खर्च, लागणारी वर्षे आणि सुरुवातीचा पगार कागदावर मांडावा. तिसरी, आधीची मुले आज कुठे काम करतात, हे कॉलेजच्या जाहिरातीवरून नव्हे, तर त्या मुलांनाच विचारावे.

आणि शेतीचे काय? 'काहीच जमले नाही म्हणून शेती' असे आपणच म्हणत आलो, तर हुशार पोर रानात पाऊल कशाला टाकील? ज्याला मातीची ओढ आहे त्याच्या हाती एक एकर द्यावा. खत, पाणी, मजुरी, उतारा याची वही त्यालाच लिहू द्यावी. एका हंगामात त्यालाही कळेल आणि आपल्यालाही.

हे सारे जसे मुलाला, तसेच मुलीलाही लागू आहे. प्रयोगशाळा असो की शेतकी खाते, तिचा कल तिकडे असेल तर 'पोरीचे कशाला' म्हणून वाट अडवू नये.

आपल्या पोटचे पोर म्हणजे काही शेजाऱ्याच्या रानातला ऊस नव्हे. त्याला जवळ बसवा, विचारा, आणि तो काय म्हणतो ते शेवटपर्यंत ऐका. जमिनीचा तुकडा मोडायचा की नाही, ते त्यानंतर ठरवा.