मंद तापन चाचणी, घन रॉकेट प्रचालकांची

घन रॉकेट प्रचालकाचे तापमान दर तासाला केवळ काही अंशांनी वाढवीत नेल्यास तो केव्हा पेटतो व त्याची विक्रिया किती उग्र होते, हे ठरविण्याची सुरक्षा चाचणी. कोठारात किंवा जहाजावर शेजारच्या कप्प्यात आग धुमसत राहिल्यास उष्णता भिंतीतून हळूहळू आत शिरते. त्या परिस्थितीचे हे प्रयोगशाळेतील अनुकरण होय.

द्विआधारी प्रचालकात नायट्रोसेल्युलोज व नायट्रोग्लिसरीन हे प्रमुख घटक असतात. संमिश्र प्रचालकात अमोनियम परक्लोरेट हा ऑक्सिडीकारक, ॲल्युमिनियमाची पूड व पॉलिब्युटाडाइनासारखा रबरी बंधक असतो. त्यांचे अपघटन पेटण्यापूर्वीच मंद गतीने सुरू होते व उष्णता बाहेर पडते. तापमानाबरोबर ही उष्णता-निर्मिती घातांकी रीतीने वाढते. उष्णतेचा निचरा मात्र तापमानातील फरकाच्या प्रमाणातच वाढतो. निर्मिती निचऱ्यापेक्षा अधिक झाली की, पदार्थ स्वतःच तापत जाऊन पेटतो. एन्. एन्. सेमेनोव्ह (१९२८) व डी. ए. फ्रँक-कामेनेत्स्की (१९३९) यांनी याची गणिती मांडणी केली.

जलद तापनात पृष्ठभाग प्रथम पेटतो व आतील बराचसा पदार्थ थंडच असतो. मंद तापनात सर्व पदार्थ तापलेला असतो व ज्वलन बहुधा अंतर्भागात सुरू होते. अमोनियम परक्लोरेटाचे स्फटिक सु. २४०° से. तापमानास समचतुर्भुजी रूपातून घनीय रूपात जातात आणि अंशतः अपघटन झाल्याने सच्छिद्र बनतात. छिद्रांमुळे जळणारा पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो. त्यामुळे मंद तापनाचा परिणाम जलद तापनापेक्षा अधिक विध्वंसक ठरू शकतो.

प्रयोगशाळेत प्रथम काही मिग्रॅ. नमुना मिनिटास ५° ते १०° से. या गतीने तापवून उष्णता-विनिमय मोजतात. निरनिराळ्या गतींच्या मापनांवरून एच्. ई. किसिंजर यांच्या रीतीने (१९५७) सक्रियण ऊर्जा काढतात. नंतर काही ग्रॅम वा अधिक प्रचालक पोलादी नळीत बंदिस्त करून तारेच्या विद्युत् तापकाने तापवितात. तपयुग्मांनी आतील व बाहेरील तापमान नोंदले जाते; नियंत्रण भक्कम भिंतीआडून दुरून केले जाते. नाटो राष्ट्रांच्या मानकात ताशी ३·३° से. ही गती दीर्घकाळ रूढ होती. तीनुसार ५०° पासून २५०° से. पर्यंत जाण्यास सु. ६० तास लागतात. नळीच्या तुकड्यांची संख्या, आकार व फेक यांवरून विक्रियेचे वर्गीकरण करतात : नळी अनेक लहान तुकड्यांत विदीर्ण झाल्यास तीव्र स्फोट, मोजक्या मोठ्या तुकड्यांत फुटल्यास मध्यम आणि केवळ टोपण उडून प्रचालक जळून गेल्यास सौम्य.

लहान नमुन्यातून उष्णता लवकर निसटते, म्हणून तो मोठ्या एंजिनापेक्षा अधिक तापमानास पेटतो. लहान चाचणीतील तापमान मोठ्या साठ्यासाठी सुरक्षित मर्यादा मानणे म्हणूनच धोक्याचे ठरते. त्यासाठी गणनेची व शेवटी पूर्णाकार चाचणीची जोड द्यावी लागते.

बंदिस्त उष्णतेचा धोका महाराष्ट्राने १४ एप्रिल १९४४ रोजी अनुभवला. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर कापूस व सु. १,४०० टन स्फोटके होती. दुपारी कापसाला लागलेली आग आटोक्यात आली नाही व सायंकाळी ४ वाजल्यानंतर दोन प्रचंड स्फोट झाले. शेकडो माणसे दगावली. त्यांत ६६ अग्निशामक होते. ती स्फोटके रॉकेट-प्रचालक नव्हती, तरी आग लागणे व स्फोट होणे यांमधील कालावधी किती मोलाचा असतो, हे या दुर्घटनेने दाखविले.

पुणे येथील उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा (१९९५ पूर्वीचे नाव स्फोटकद्रव्य संशोधन व विकास प्रयोगशाळा) प्रचालक व स्फोटके यांवर संशोधन करते. ‘पिनाक’ रॉकेटाचा प्रचालक तेथे विकसित झाला. कमी संवेदनशील बंधक, तापल्यावर मऊ होणारे वेष्टन व दाब मोकळा करणारी झडप हे धोका कमी करण्याचे मुख्य उपाय आहेत. पेटणे टाळता आले नाही, तरी स्फोटाऐवजी केवळ ज्वलन व्हावे, हा त्यांमागील हेतू असतो.