चौघांत एक मोबाईल

गावात रेंज नसते, सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर असते. त्यामुळे पावसाची उघडीप मिळताच सहावीचा वर्ग मोबाईल घेऊन सड्यावर निघाला. कोकणातली जिल्हा परिषदेची शाळा. चौघांच्या गटाला एकच मोबाईल, तोही शिक्षकांनी इकडून-तिकडून मागून आणलेला. एका झाडाचं काम झालं की मोबाईल पुढच्याच्या हातात द्यायचा. बाकीच्यांकडे फूटपट्टी, भिंग, वही.

झाडं ओळखायचं काम आयनॅचरलिस्ट या ॲपवर चालतं. फोटो काढला की तारीख आणि जागा आपोआप नोंदली जाते. खातं शिक्षकांचं, मुलांचे चेहरे कुठेच नाहीत.

एका गटानं उभ्याउभ्याच फोटो काढला. ॲप म्हणालं, द्विदल वनस्पती. "एवढं आमकां पण कळता," एक मुलगी फणकारली. मग सगळी ओणवी झाली. तिनं पान आडवं धरलं, दुसऱ्यानं पानाच्या दातेरी कडेला फूटपट्टी लावली, फुलामागची वाकडी नळी दिसायला फोटो बाजूनं काढ, असं तिसरा बजावू लागला. मोबाईलवाला गप्प. मला तर त्याचंच काम सगळ्यांत हलकं वाटलं.

आता पडद्यावर तेरड्याची प्रजाती आली, खाली तिच्यातल्या अनेक जाती. गौरीला आणतात तो हाच, असं मुलगी म्हणाली. दुसऱ्याला पटेना, गौरीचा उंच असतो.

त्यांचं बोलणं ऐकून आठवलं: इंग्लंडमध्ये ससेक्सच्या जंगलात २००० नंतर लगेचच 'अँबियंट वुड' नावाचा प्रयोग झाला होता. मुलं जोडीनं फिरत, यंत्रानं प्रकाश आणि ओलावा मोजत आणि आकड्यांचा अर्थ एकमेकांशी बोलून लावत. इथे महागडी यंत्रं नाहीत, बोलणं मात्र तेच. प्रत्येकाला वेगळा मोबाईल मिळाला असता तर चौघं चार दिशांना पांगली असती, असं शिक्षकांचं म्हणणं. मला ते पटतं.

आयनॅचरलिस्टवरही एकट्याचं मत पुरत नाही. नोंद 'संशोधनयोग्य' ठरायला निदान दोघांनी जात ओळखावी लागते आणि दोन तृतीयांशांहून अधिक मतं जुळावी लागतात. हे ऐकल्यावर मुलगी पुरावा शोधू लागली. पिकलेली शेंग दाबली की फट्कन फुटते, हे तिला ठाऊक. पण फोटोत ते दिसणार कसं? व्हिडिओ तिथे चढत नाही. आवाज चालतो, शिक्षक म्हणाले.

लगेच नवा तंटा: शेंग कोणी दाबायची?