चांदीची तार आणि मंजिष्ठा

मुळशी तालुक्यातून, पौडजवळच्या एका गावातून आलेलं पत्र बाजूला ठेववेना. मुलगा नऊ वर्षांचा. मांडीच्या मोडलेल्या हाडाला प्लेट बसवलेली. नंतरच्या एक्स-रेत प्लेटच्या कडांवर हाड चढलेलं दिसलं आणि डॉक्टरांनी प्लेट काढायला सुचवलं. वडील विचारतात : आजोबांच्या पायातला रॉड इतकी वर्षं आत आहे, मग पोराचीच प्लेट का काढायची? हाडाला काही रोग लागलाय का? की आमच्या बांधावरच्या आंब्यानं कुंपणाची तार गिळली, तसं काही झालंय?

पत्रात आहे तेवढंच असेल, तर हा रोग नव्हे. आणि आंब्याचा प्रश्न तर फार जुना आणि फार चांगला आहे.

१७३६ साली लंडनचे सर्जन जॉन बेल्चर एका कापड छापणाऱ्याकडे जेवायला गेले. पानातल्या डुकराच्या मांसातली हाडं लालभडक होती. त्या डुकरांना रंगकामात वापरलेला कोंडा खायला मिळत होता आणि रंग होता मंजिष्ठेच्या मुळांचा. युरोपातली मंजिष्ठा वेगळी, पण तिची जवळची नातलग आपल्या सह्याद्रीत रानोमाळ चढते : चौकोनी खरखरीत खोड, चार-चार पानांची चक्रं. वैद्यमंडळी तिला चांगलीच ओळखतात. हा रंग नव्यानं तयार होणाऱ्या हाडातल्या कॅल्शियमला धरतो, जुनं हाड बव्हंशी पांढरंच राहतं. हाड कधी आणि कुठे वाढलं, हे त्यामुळे डोळ्यांनी बघता येऊ लागलं.

फ्रान्समधल्या द्युआमेल द्यु मोंसो यांनी हा धागा उचलला. हा माणूस मुळात झाडांचा अभ्यासक. साल जसं खोड जाड करते, तसं हाडावरचं पातळ आवरण हाड जाड करत असेल का, असं त्यांना वाटलं. १७४०च्या आसपास त्यांनी वाढत्या प्राण्यांच्या हाडाभोवती चांदीची तार गुंडाळली. काही काळानं बघितलं तर तारेवर हाड चढलेलं! पौडचा प्रश्न अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी असा विचारला गेला होता.

मात्र पुढे झाडाशी असलेलं साम्य संपतं. खोडात गिळलेली तार आत जिथल्या तिथे राहते. हाड बाहेरून भरतं आणि आतून झिजवलं जातं, म्हणूनच ते जाड होतानाही पोकळ राहतं. इंग्लंडात जॉन हंटर यांनी आतली ही झीज ओळखली. १९व्या शतकात फ्रान्सच्या फ्लूरांस यांनी प्लॅटिनमची कडी हाडाभोवती घातली, तर ती शेवटी मज्जेच्या पोकळीत सापडली. कडी हलली नव्हती. हाडच तिला ओलांडून बाहेर गेलं होतं.

बाहेरून हाड भरणारं ते आवरण मुलांचं जाड आणि अतिशय कामसू असतं, मोठ्यांचं पातळ आणि मंद. आजोबांचा रॉड आधीच पोकळीत बसलेला, शिवाय हाडाची वाढ थांबलेली. नातवाची प्लेट हाडावर बाहेरून बसवलेली आणि हाड दर महिन्याला जाड होणारं. उशीर झाला तर प्लेट पूर्ण झाकली जाते. मग ती शोधायला छिन्नीनं हाड कोरावं लागतं, स्क्रूच्या डोक्याची खाच हाडानं भरलेली असते, कधी स्क्रू मोडतो. हाड पक्कं जुळल्यावर, पण प्लेट झाकली जाण्याआधी, असा मधला काळ सर्जन शोधत असतात. प्रत्येक मुलाची प्लेट काढावीच लागते असं नाही, पण या डॉक्टरांचा सल्ला मला पटतो.

त्या वडिलांनी एक गोष्ट मात्र आवर्जून विचारावी : प्लेट निघाल्यावर खेळ किती दिवस बंद? स्क्रूची भोकं भरेपर्यंत हाड तिथे कमजोर असतं, आणि नऊ वर्षांचं पोर जखम भरली की झाडावर चढणारच.