भट्टीला ‘अनडू’ नसतं!

सोमवार ते शुक्रवार एक्सेल शीट, रविवारी हातात माती. सध्या आमच्या ग्रुपचा हाच फंडा! आईच्या साठाव्या वाढदिवसाला स्वतः बनवलेला पांढराशुभ्र मग द्यायचा, असा माझा प्लॅन होता. तीन रविवार चाकावर गेले. भट्टी उघडली, तर मग एका बाजूने चक्क गुलाबी! वर टाचणीने टोचल्यासारखी भोकं. वाढदिवस दोन आठवड्यांवर.

क्लासच्या सरांनी मगाकडे नाही, आधी त्याच्या शेजाऱ्याकडे पाहिलं. शेजारी होता कुणाचा तरी हिरवागार बोल. हिरव्या रंगात क्रोम, माझ्या पांढऱ्या ग्लेझमध्ये टिन ऑक्साइड. भट्टी तापली की क्रोमची थोडी वाफ होते, ती टिनवर बसते आणि पांढऱ्याचा गुलाबी होतो. म्हणजे माझा रंग बरोबर होता, शेजार चुकला!

तसाही कच्च्या ग्लेझचा रंग फसवाच. कोबाल्ट कार्बोनेट दिसतं जांभळट, भाजल्यावर होतं गडद निळं. तेही शंभर ग्रॅम ग्लेझला जेमतेम एक ग्रॅम पुरतं. म्हणून आधी छोट्या टाइलवर ट्रायल घ्या.

बाकी बिघाडांचं काय?

टाचणीची भोकं : मातीतला वायू बाहेर पडतो, पण भोक बुजायच्या आत ग्लेझ थिजतं. पहिली भाजणी सावकाश करा. दुसऱ्या वेळी सर्वोच्च तापमानावर भट्टी दहा-पंधरा मिनिटं धरून ठेवा.

ग्लेझ मागे सरकून माती उघडी पडणं : धूळ, बोटांचं तेल किंवा जाड थर. ग्लेझ लावण्याआधी ओल्या स्पंजने पुसा.

बारीक तड्यांची जाळी : थंड होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसतं. ग्लेझमध्ये सिलिका वाढवून बघा.

आणि हो, कॉपरचा हिरवा रंग असेल, तर लिंबाची फोड रात्रभर ठेवा. सकाळी तिथला रंग बदललेला दिसला, तर त्यात खाणं-पिणं बंद. रंग टिकला म्हणजे सगळं सेफ, असंही नाही. शिसं आहे की नाही, हे लॅबमध्येच कळतं.

सुदैवाने एकदा भाजलेला, ग्लेझ न लावलेला आणखी एक मग शिल्लक होता. तो नीट पुसला, हिरव्या मंडळींपासून लांब, वेगळ्या भट्टीत लावला. पांढराशुभ्र निघाला. आईचा सकाळचा चहा आता त्यातच होतो. गुलाबी मग माझ्या ऑफिसच्या डेस्कवर पेनं सांभाळतो. कुणी विचारलंच तर सांगते, शेजाऱ्याचा रंग लागलाय!