मार्गशीर्षात अंथरलेली वाकळ

म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला निघतो. गेल्या साली रथ झाला, पाहुणे पांगले आणि त्याच आठवड्यात आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, माळ्यावरचं जुन्या कापडांचं गाठोडं खाली ओढायला लावलं. वाकळ तेव्हा अंगणात अंथरली, ती पुरी होऊन उचलली रोहिणी नक्षत्र लागल्यावर, मे महिना सरता सरता. सलग बसलं तर एका वाकळेला एवढा काळ लागत नाही. पण शेतावरच्या घरात सलग बसायला मिळतं कुणाला?

गाठोड्यात निम्मं घरच होतं. तळाला घालायला आत्यांचं इरकली लुगडं, काठ अजून शाबूत, अंग मात्र उन्हाला धरलं तर पलीकडचं दिसावं इतकं विरलेलं. मधल्या थरांना मामंजींची धोतरं आणि मांजरपाटाच्या जुन्या पिशव्या उसवून काढलेले तुकडे. वरच्या अंगाला पोरांचे शाळेचे शर्ट, परकराचे घेर आणि टेलरकडून मागून आणलेली कातरणं.

मांजरपाट मुंबईचा. मामंजी गिरणीत बदली कामगार होते. माण-खटावातली कितीतरी माणसं तेव्हा गिरणगावात होती, पाऊस नसलेल्या मुलखाला तेवढाच आधार. सुट्टीला येताना कापड यायचं. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले अनेक परत आत गेलेच नाहीत. मामंजी गावी आले, शेरडं-मेंढरं सांभाळू लागले. त्यानंतर घरात गिरणीचं कापड आलं नाही. जे होतं ते कधी पिशवी, कधी धान्य वाळवायचं फडकं होत शेवटी या वाकळेत बसलं. आत्या हे काही सांगत बसत नाहीत. तुकडा हातात आला की, ‘ह्यो मुंबईचा हाय, मदी घाल,’ एवढंच.

तळाचं लुगडं सारवलेल्या अंगणात ताणायचं, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. त्यावर एकेक थर, हाताने सुरकुती काढत. टेलरची कातरणं आधी गरम पाण्यातून काढावी लागली, कारण नवं कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि शेजारचा जुना तुकडा आटत नाही. मग शिवणीला चुण्या पडतात. सगळे थर हलू नयेत म्हणून मधोमध लांब लांब कच्चे टाके घातले. पक्का धावदोरा त्यानंतर, कडेपासून, चौकोनात चौकोन करत आत आत. दोन ओळींत बोटभर अंतर. दोरा मेणावरून ओढून घेतलेला. एक हात वर सुईपाशी, दुसरा थरांच्या खाली. टोक खालच्या बोटाला लागलं की सुई वर फिरवायची. अंगुस्तान मी शहरातून आणलं होतं, आत्यांनी ते बघितलं आणि बोटाला चिंधी गुंडाळून घेतली. शिवणारीने वाकळेवरच बसायचं असतं. आपल्याच वजनाने ती ताणून राहते.

पौषात बरं चाललं. संक्रांतीपर्यंत बाहेरचे दोन चौकोन पुरे झाले. मग शाळू पिकला. काढणी, कणसं खुडणं, कडब्याच्या पेंढ्या, मळणीयंत्राची वाट पाहणं. वाकळ गुंडाळून उतरंडीमागे गेली ती फाल्गुनापर्यंत तिथेच. चैत्रात शिंगणापूरची यात्रा, कावडी, घरात माणसं. वैशाखात कुरडया, शेवया, वर्षाची चटणी आणि भावकीतली लग्नं. अंगणात कुरडया वाळत घातल्या तर वाकळ कुठे अंथरायची? शेवटी दुपारची जेवणं झाली की सोप्यातच, शेजारच्या बायकाही यायच्या. चारी बाजूंनी एकेक जण बसली की ओळी भराभर आत सरकायच्या आणि गावातल्या बातम्याही. माझे टाके आत्यांच्या टाक्यांपेक्षा मोठे आहेत, कुणालाही ओळखू येतात.

वाकळ मन लावून, शांत बसून करायची कला आहे, असं लिहिलेलं अलीकडे वाचायला मिळतं. मला ते पटत नाही. तिची रचनाच थांबत थांबत काम करण्याची आहे. कोणत्याही टाक्याला सुई खोचून उठावं, महिन्याने त्याच टाक्यापासून पुढे जावं, काही बिघडत नाही.

बिघडतं ते कापडाने. माझ्या पिढीच्या कपाटात सुती साडी शोधावी लागते. या वाकळेसाठी मी माझ्या दोन साड्या पुढे केल्या, एक रेशमासारखी दिसणारी, एक जॉर्जेटची. ‘चकाकतं मदी घालू नगंस, घाम पीत न्हाय त्ये,’ म्हणून आत्यांनी त्या बाजूला टाकल्या. त्यांचं बरोबर आहे. सिंथेटिक कापड सुईखाली घसरतं, थर सरकतात, आणि उन्हाळ्यात अंगाखाली घेतलं की पाठ भिजते. सुती थर घाम शोषतात, थरांमध्ये हवा धरून ठेवतात आणि धुतले की मऊ पडतात. कापसाच्या दुलईला पाणी लावलं तर आत गोळे होतात. वाकळ मात्र आपटून धुता येते. म्हणून तर घटस्थापनेच्या आधी गावोगाव अंथरुणं-पांघरुणं पाण्यावर निघतात. माणगंगेला पाणी असेल त्या साली नदीवर, नाहीतर विहिरीवर. भिजलेली वाकळ उचलायला दोन बायका लागतात.

बाजारात हल्ली सुंदर गोधड्या मिळतात, यंत्रावर शिवलेल्या, नव्या कापडाच्या, रंग जुळवलेल्या. थंडी त्यांनीही भागते. पण त्या वापरून वापरून मऊ व्हायला वर्षं जातात, तर वाकळ पहिल्या रात्रीच मऊ असते, कारण तिच्यातलं कापड आधीच अंगावर झिजलेलं असतं.

तेव्हा घरात आईचं, आजीचं सुती लुगडं असेल तर दोन भांड्यांसाठी ते बोहारणीला देऊ नका. शिवता येत नसेल तरी ठेवा. गावात शिवणाऱ्या बाया अजून आहेत, फक्त कापड संपत चाललंय.