डबीवर न छापलेला आकडा

भाच्याची रिमोटवरची बग्गी माझ्याकडे आली तेव्हा ती बंद पडलेली नव्हती. जोरात पळवली की मध्येच अडखळायची, एवढंच. वरचं कव्हर काढलं तर स्पीड कंट्रोलरच्या कडेला दोन कपॅसिटर उभे होते. एकाचा माथा सपाट, दुसऱ्याचा पुरीसारखा टम्म फुगलेला. ‘मामा, यावर हजार मायक्रोफॅरॅड लिहिलंय. हजारचाच आणू ना?’

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, कारण डबीवर ठळक छापलेला आकडा तोच असतो. या कामासाठी मात्र सगळ्यांत कमी महत्त्वाचा आकडाही तोच.

कंट्रोलर मोटरचा वेग कमी करतो तो प्रवाहाचे तुकडे पाडून. मॉसफेट नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात. आठ हजार ते बत्तीस हजार वेळा ही नेहमीची रेंज. शंभर अँपिअर वाहत असताना स्विच बंद झाला, तर बॅटरीच्या तारेतला प्रवाह जागच्या जागी थांबत नाही. जुन्या इमारतीत नळ झटकन बंद केला की भिंतीतल्या पाइपात धप्पकन आवाज येतो ना, तसंच इथे होतं. पाइपातलं पाणी धावत असतं आणि त्याला अचानक दार बंद मिळतं. साध्या सरळ तारेलाही असं थोडं जडत्व असतं. वीतभर लांबीच्या लाल-काळ्या जोडीचं ते ढोबळमानाने एक दशांश मायक्रोहेन्री धरा. शंभर अँपिअर एका मायक्रोसेकंदात थांबवायचे म्हटले, तर हे एवढंसं जडत्वही दहा व्होल्टचा झटका देतं. चार सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी पूर्ण चार्ज असताना १६.८ व्होल्ट देते. त्यात दहा मिळवा. ३० व्होल्टची मर्यादा असलेल्या मॉसफेटच्या नाकाशी पाणी आलं.

हा झटका गिळायचा आणि पुढच्या क्षणी मोटरला लागणारा प्रवाह परत द्यायचा, हे कपॅसिटरचं काम. साठवणूक म्हणाल तर ती हास्यास्पद आहे. हजार मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर १६.८ व्होल्टला जेमतेम ०.१४ ज्यूल ऊर्जा धरतो; एवढ्या ऊर्जेत शंभर ग्रॅमचा पेरू चौदा सेंटिमीटर वर उचलला जाईल. शेजारच्या पाच हजार मिलिअँपिअर-अवरच्या बॅटरीत अडीच लाखांहून जास्त ज्यूल असतात. धरणाच्या पायथ्याशी ठेवलेला तांब्याच म्हणा. पण धरणाचं दार उघडेपर्यंत तहान भागवतो तो तांब्याच, आणि त्याचं तोंड किती रुंद आहे हे तो केवढा आहे यापेक्षा महत्त्वाचं ठरतं.

या ‘तोंडा’चं मोजमाप म्हणजे कपॅसिटरचा अंतर्गत रोध, दुकानातल्या भाषेत ईएसआर. तो डबीवर छापत नाहीत. कपॅसिटरमधून सतत आत-बाहेर करणारा प्रवाह दहा अँपिअर आणि रोध वीस मिलिओहम असेल, तर दोन वॉट उष्णता त्या करंगळीएवढ्या डबीत तयार होते. बाहेर पडायला जागा नाही. कंपन्या आपल्या माहितीपत्रकात प्रत्येक कपॅसिटर किती अँपिअरचा असा तरंग-प्रवाह सोसेल हे देतात. चांगल्या प्रतीच्या छोट्या डबीलाही तो दोन-तीन अँपिअरच असतो.

म्हणून एका मोठ्यापेक्षा तीन छोटे शेजारी-शेजारी जोडणं बहुतेक वेळा शहाणपणाचं. प्रवाह तिघांत वाटला जातो, आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गावर ठरते. तिघेही आधीच्या एकाइतक्याच रोधाचे असते, तर प्रत्येकातली उष्णता नवव्या हिश्श्यावर आली असती. छोट्या डबीचा रोध थोडा जास्त असतो, त्यामुळे फायदा तेवढा होत नाही. तरी होतो तो पुरेसा असतो. तिन्ही मात्र एकाच मालिकेचे हवेत.

उष्णतेने नेमकं बिघडतं काय? आत ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या गुंडाळलेल्या असतात. त्यांच्या पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा थर हाच खरा विद्युतरोधक. त्याची जाडी दर व्होल्टमागे साधारण दीड नॅनोमीटर, म्हणजे पंचवीस व्होल्टच्या कपॅसिटरमध्ये हा थर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागापेक्षाही बारीक. त्या पट्ट्यांमध्ये द्रवाने भिजलेला कागद असतो. डबी तापत राहिली की द्रव हळूहळू उडतो, रोध वाढतो, रोध वाढला की डबी आणखी तापते. शेवटी आत वायूचा दाब वाढून माथा फुगतो. माथ्यावर मुद्दाम कोरलेल्या खाचा असतात त्या यासाठीच. फुटायचंच असेल तर तिथे फुटावं. गंमत अशी की असा वाळलेला कपॅसिटर साध्या मल्टिमीटरवर धारिता बऱ्यापैकी बरोबर दाखवू शकतो, त्यामुळे ‘मोजून पाहिला, ठीक आहे’ यावर मी विश्वास ठेवत नाही.

दर दहा अंश तापमान कमी झालं की आयुष्य साधारण दुप्पट, हा ढोबळ नियम. त्यामुळे ८५ अंशांचा कपॅसिटर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. १०५ अंशांचाच घ्यावा. व्होल्टच्या बाबतीत, तीन सेलला (पूर्ण चार्ज १२.६) १६ व्होल्टचा कपॅसिटर कागदावर चालतो, पण वरचे झटके धरले तर २५चा बरा, चार सेलला मी ३५चा लावतो. जास्त व्होल्टचा चालतो, कमीचा नाही.

पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ‘हजार, पंचवीस व्होल्ट’ एवढंच मागितलं तर काउंटरवर येतो तो बहुधा पॉवर सप्लायमधला साधा कपॅसिटर. पंख्याचा कंडेन्सर आणि हा यांचा तर काही संबंधच नाही. तो एसीवर चालतो, दोन-अडीच मायक्रोफॅरॅडचा असतो आणि त्याला अधिक-उणे नसतं. इथे ‘लो ईएसआर’ म्हणावं लागतं आणि मालिकेचं नाव सांगावं लागतं: पॅनासॉनिकची एफआर किंवा एफएम, रुबिकॉनची झेडएलएच. नकली मालही फिरतो. त्याच आकाराची डबी हातात हलकी लागली तर मला शंका येते.

बसवताना उभी पट्टी उणे टोकाची, हे विसरू नका. (टँटलम कपॅसिटरवर तीच पट्टी अधिक टोकाची असते. कुणी ठरवलं असेल कोण जाणे.) पाय शक्य तितके आखूड ठेवावेत, बोटभर तारेने लांब टांगलेला कपॅसिटर म्हणजे पुन्हा तेच तारेचं जडत्व आलं. बग्गी उड्या मारते, त्यामुळे डबीला बुडाशी सिलिकॉनचा आधार हवा, पण माथ्यावरच्या खाचा मोकळ्या राहिल्या पाहिजेत.

भाच्याच्या बग्गीत मी पस्तीस व्होल्टचे, ३३० मायक्रोफॅरॅडचे तीन बसवले. पण डाख देण्याआधी एक प्रश्न विचारला: बॅटरीच्या तारा एवढ्या लांब कशा? बॅटरी मागे सरकवायची म्हणून त्यानेच जोड देऊन त्या हातभर केल्या होत्या. मी त्या कापून पुन्हा पहिल्याइतक्या केल्या. लांबवायच्याच तर मोटरकडच्या लांबव, म्हटलं. बॅटरी आता जुन्या जागी बसते, मागचं वजन गेलं, आणि उडी मारताना बग्गीचं नाक खाली जातं म्हणून तो अजून माझ्यावर नाराज आहे.